छाटणीविषयीचे काही दृढ समज

झाडावर हत्यार चालविणे म्हणजे त्यास इजा करणे, आणि इजा झालेले झाड खुरटणारच, हा समज आपल्या बागप्रेमी मंडळींत इतका दृढमूल आहे की, वर्षानुवर्षे सिकेटर न लागलेले, खाली नुसती काष्ठवत् खोडे आणि वर चार फिकट पाने अशा अवस्थेतील गुलाब शहरांतील गच्च्यांवर सर्रास आढळतात. त्यांचे मालक मात्र फुले येत नाहीत ही तक्रार खताविरुद्ध गुदरतात. वस्तुस्थिती अशी की, फांदीच्या शेंड्यात निर्माण होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली वाहत असेतोपर्यंत बगलेतील डोळे निद्रिस्त राहतात. शेंडा खुडला तरी त्या जागी ऑक्सिन ठेवल्यास डोळे फुटत नाहीत, हे थिमान आणि स्कूग यांनी १९३३-३४च्या सुमारास प्रयोगाने दाखविले. शेंड्याचा हा अंमल उठविणे, एवढेच छाटणीचे कार्य.

याच्या उलट टोकाचा समज म्हणजे छाटणी केव्हाही केली तरी चालते. कळी कोणत्या काडीवर जन्मते, हे जाणल्यावाचून मुहूर्त ठरविता येत नाही. गुलाब, मोगरा, जास्वंद, बोगनवेल यांना नव्या फुटीवर फुले येतात. म्हणून पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात गुलाब छाटला असता साधारण ४५ दिवसांनी तो फुलतो, आणि मोगरा थंडीत छाटून उन्हाळ्याच्या बहरासाठी सज्ज करावा लागतो. आंब्याचा मोहोर मात्र पक्व काडीच्या टोकास येतो. थंडीच्या तोंडावर शेंडे छाटणारा त्या वर्षीचा मोहोरच छाटीत असतो. नाशिककडील द्राक्षबागाईतदारांचा दस्तुर या दृष्टीने मनन करण्याजोगा आहे: एप्रिलच्या खरडछाटणीनंतर ज्या काड्या वाढतात, त्यांच्या डोळ्यांत घडाचा अंकुर आधीच गुप्तपणे घडतो, आणि ऑक्टोबरच्या छाटणीने तो केवळ बाहेर येतो. एकाच वेलीस वर्षातून दोनदा छाटण्यामागे दोन निरनिराळे हेतू आहेत, हे पुष्कळ हौशी बागवानांच्या गावीही नसते.

जितके अधिक छाटावे तितकी अधिक फुले, हेही अर्धसत्यच. गुलाब खोलवर छाटल्यास फुले मोठी आणि लांब देठाची, परंतु मोजकी येतात. हलक्या छाटणीने ती संख्येने अधिक, पण लहान येतात. काप बाहेरच्या दिशेस तोंड असलेल्या डोळ्याच्या सुमारे अर्धा सेंटीमीटर वर, तिरकस घ्यावा, म्हणजे झुडपाचा गाभा मोकळा राहतो. कापावर शेण थापल्याने जखम भरते, ही समजूत निराधार आहे. लाकडाची जखम भरतच नाही, झाड कडेने नवी साल वाढवून ती झाकते. गुलाबाच्या कापास लावतात ती मोरचूद-चुन्याची पेस्ट बुरशीच्या प्रतिबंधासाठी, जखम भरण्यासाठी नव्हे.

राहता राहिला कलमी गुलाबाच्या बुडाशी फुटणारा तो टवटवीत, उंच धुमारा. त्यास नवजीवनाची खूण मानून जपणारे पुष्कळ आहेत. परंतु तो डोळा भरलेल्या जागेच्या खालून, म्हणजे रानटी खुंटावरून आलेला असेल, तर वरच्या जातीचे अन्न तोच खातो. तो वरवर न छाटता उगमापासून ओढून काढावा, अन्यथा तेथूनच पुन्हा फुटतो.