पोथी तीच, रुमाल नवा



२००५ ते २०१० च्या सुमारास आपल्या गावोगावी हार्डडिस्कवर किंवा कार्डावर चित्रण करणारे कॅमेरे आले. त्यांवर लग्ने टिपली गेली, शाळांची स्नेहसंमेलने टिपली गेली आणि अशा व्याख्यानमालांतील भाषणेही. त्यांतले कित्येक वक्ते आज हयात नाहीत. त्या चित्रणाची तबकडी करून घ्यावी, म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांना ती दूरदर्शन संचावर पाहता येईल, असे पुष्कळांना वाटते. काम सोपे दिसते. पण त्यात एक नुकसान असे होते की ते करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

जुन्या पोथीचे उदाहरण घ्या. तिचा रुमाल फाटला तर दोन गोष्टी करता येतात. पाने सोडवून ती क्रमाने नव्या रुमालात बांधावी, किंवा लेखकाला बसवून सबंध पोथीची नवी नक्कल करून घ्यावी. पहिल्या रीतीत अक्षर जसेच्या तसे राहते. दुसऱ्या रीतीत लेखक कितीही सुबोध असो, कुठे काना गळतो, कुठे ओळ गळते. आणि त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली तर आधीच्या चुका मूळ म्हणून पुढे चालतात. संगणकावरील चित्रफितीचे नेमके हेच आहे. तिला नव्या वेष्टनात ठेवणे निराळे आणि तिचे पुनःसंकेतन करणे निराळे.

हे असे का होते? डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने आवळलेले असते. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा डोळ्याला फारसा जाणवणार नाही, तो टाकून देतात. टाकलेला बारकावा परत येत नाही. तेच चित्र उलगडून पुन्हा आवळले की पुन्हा काही गळते. शिवाय पहिल्या आवळणीतले डाग दुसऱ्या यंत्राला चित्राचाच भाग वाटतात आणि ते जपण्यात त्याची शक्ती खर्च होते. चेहऱ्यावरची सुरकुती जाते आणि चौकोन मात्र उमटतात!

आता आनंदाची गोष्ट अशी, की त्या काळच्या जेव्हीसी, पॅनासॉनिक, कॅनन यांच्या अनेक कॅमेऱ्यांतून निघणारी ‘एमओडी’ फाइल मुळातच एमपेग-२ असते. म्हणजे तबकडीला हवी ती पोथी आपल्या हाती आधीच आहे. रुमाल तेवढा बदलायचा आहे. तरीही बाजारात पुष्कळ ठिकाणी ती सरसकट नव्याने आवळली जाते, कारण सोप्या प्रणालींना फाइल तपासण्याची सवय नसते.

तेव्हा पहिले काम तपासणीचे. आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीला साधारणतः ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, सेकंदाला २५ चित्रांचे चित्रण लागते. चित्राचा वेग सेकंदाला ९८ लाख बिटांपलीकडे आणि चित्र-ध्वनी मिळून एकूण १ कोटी ८० हजारांपलीकडे जाऊ नये. ध्वनी एसी-३, एमपेग किंवा न आवळलेला चालतो. पण नमुने सेकंदाला ४८ हजार हवेत. मीडियाइन्फो ही मोफत प्रणाली हे सर्व सांगते. सगळे जुळले तर पुनःसंकेतनाचे कारणच उरत नाही. काही कॅमेऱ्यांत रुंद चित्राची खूण मूळ फाइलीत नसते, म्हणून माणसे उंच आणि किडकिडीत दिसतात. तिथेही शीर्षभागातली खूण दुरुस्त केली की पुरे. चित्राला हात लावावा लागत नाही.

दुसरे काम पाने सोडवण्याचे. चित्र आणि ध्वनी एकाच प्रवाहात गुंफलेले असतात, ते वेगळे करायचे. प्रवाहातल्या पुडक्यांवर वेळेच्या खुणा असतात. सेकंदाचे ९० हजार भाग करून त्या मोजतात. वेगळे करताना या खुणा गळतात. ध्वनी चित्राच्या ८० मिलिसेकंद आधी सुरू झाला असेल, तर तो फरक टिपून ठेवावा आणि पुन्हा गुंफताना भरून काढावा. चांगल्या प्रणाली हा आकडा फाइलीच्या नावातच लिहितात. तो आकडा निरर्थक समजून खोडू नये.

तिसरे काम काटछाटीचे, आणि खरी मेख इथेच आहे. एमपेगमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र नसते. एक चित्र पूर्ण असते आणि त्यामागची चित्रे केवळ फरक सांगतात. पाल डीव्हीडीत असा गट जास्तीत जास्त १५ चित्रांचा, म्हणजे ०.६ सेकंदाचा. पुनःसंकेतन टाळायचे तर काप गटाच्या आरंभीच घ्यावा लागतो. भाषणातला एखादा उसासा जास्त राहील, राहू द्यावा. ध्वनीचे माप आणखी निराळे. एसी-३ चा एक तुकडा ३२ मिलिसेकंदांचा आणि एक चित्र ४० मिलिसेकंदांचे, त्यामुळे दोघांचे काप तंतोतंत जुळत नाहीत. एका कापाला १६ मिलिसेकंदांचा फरक कोणाला कळत नाही. पण दहा कापांचे फरक एकाच बाजूला साचले तर १६० होतात, आणि मग ओठ आधी हलतात व शब्द मागून येतात. म्हणून प्रत्येक काप मागच्यापासून न मोजता आरंभापासून मोजणारी प्रणाली निवडावी.

चौथे काम हिशेबाचे. साध्या तबकडीवर ४७० कोटी बाइट मावतात, म्हणजे ३७६० कोटी बिट. एकूण वेग सेकंदाला ९० लाख असेल तर सुमारे ७० मिनिटे, ६० लाख असेल तर सुमारे १०४ मिनिटे. दोन तासांचे व्याख्यान ९० लाखांच्या वेगाने टिपलेले असेल तर ते एका तबकडीत कोंबण्यासाठी पिळू नये. दोन तबकड्या कराव्या, किंवा ८५० कोटी बाइटांची दुहेरी थराची घ्यावी.

यानंतर चित्र-ध्वनी पुन्हा गुंफून घ्यावेत. मग डीव्हीडीऑथरसारखी प्रणाली मार्गदर्शक पुडकी भरते, प्रकरणांच्या जागा नोंदवते आणि सूचीच्या दोन प्रती लिहिते. यात एकही चित्र नव्याने आवळले जात नाही.

अर्थात हा नियम आंधळेपणाने पाळायचा नाही. मोबाइलवरील चित्रण एच.२६४ किंवा त्यापुढच्या पद्धतीचे असते. ते डीव्हीडीवर न्यायचे तर पुनःसंकेतन अटळ आहे. मात्र ते एकदाच करावे, आणि मूळ फाइलीवरूनच करावे. ब्लू-रे तबकडीला एच.२६४ चालते, चित्रांचा वेग स्थिर असेल आणि बाकीच्या मर्यादा पाळलेल्या असतील तर चित्र तसेच ठेवून फक्त एएसी ध्वनी एसी-३ मध्ये बदलला की भागते. जेवढे अडते तेवढेच बदलावे.

आणि तबकडी झाली म्हणून मूळ फाइल पुसू नये. घरी लिहिलेल्या तबकडीचा रंगथर काळाने खराब होतो. मूळ फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. तबकडी पाहण्यासाठी असते. पुढच्या पिढीला नवा रुमाल बांधावा लागेल तेव्हा तिच्या हाती पोथी मूळचीच पडली पाहिजे.