घरचा कारखाना आणि बंदुकीचा घोडा

बोरघाट चढणाऱ्या बैलगाड्यांना चाकें पुरविणारें गांव म्हणून पनवेलची एके काळीं ख्याती होती. तो धंदा गाड्यांबरोबरच सरला. परंतु तेथील आमच्या एका स्नेह्यांच्या पडवींत सध्यां एक लहानसा लेथ आणि त्याशेजारीं एक मिलिंग यंत्र बसलें आहे, आणि घरचा नातू सुटीचा सारा दिवस त्यांच्याजवळ असतो. आम्हांला हें पाहून मनापासून आनंद झाला. पांढरपेशा घरांतील मुलानें हात तेलकट करून घ्यावे, मिलिमीटरचा शतांश मोजण्याची संवय लावून घ्यावी, हें आपल्याकडे अजून क्वचितच घडतें.

परंतु गेल्या पावसाळ्यांत त्याच पडवींत एक प्रसंग ओढवतां ओढवतां टळला. आजोबांजवळ शेतसंरक्षणाच्या परवान्यावरील जुनी दुनळी बंदूक आहे. तिचा एक घोडा झिजून निकामी झाला होता. नातू म्हणाला, "आजोबा, शहरांत हेलपाटे कशाला घालतां? हा तुकडा मी रविवारीं घरींच कापून देतों." आजोबांना कौतुक वाटलें, पोलादही आणलें गेलें. मुलाचें कसब पाहून आमच्याही मनांत शंका आली नसती. सुदैवानें त्याचे काका वकील. यंत्र सुरू होण्यापूर्वींच त्यांनीं कायद्याचें पुस्तक पुढें ठेवलें.

1959 च्या शस्त्र अधिनियमांत शस्त्र म्हणजे केवळ पुरी बंदूक नव्हे. तिचे सुटे भागही त्या व्याख्येंत येतात. पांचव्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून ते घडवितां येत नाहींत, इतकेंच नव्हे, तर शस्त्राची दुरुस्ती किंवा चांचणीही करतां येत नाहीं. हौस आणि धंदा असा भेद तेथें नाहीं. 2019 च्या दुरुस्तीनंतर या अपराधास सात वर्षांहून कमी शिक्षा नाहीं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊं शकते. आजोबांचा परवाना बंदूक बाळगण्याचा, घडविण्याचा नव्हे. एका रविवारच्या हौसेपायीं मुलाच्या शिक्षणाचें आणि साऱ्या घराचें काय झालें असतें, याची कल्पनाच करवत नाहीं.

हा सारा परक्या राजवटीचा वारसा, असें आजोबा रागानें म्हणाले. त्यांत तथ्य आहे. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत 1878 सालीं कडक शस्त्रकायदा झाला, आणि पुढच्याच वर्षीं याच पनवेल तालुक्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनीं बंड उभारलें. 1931 सालीं कराचीच्या काँग्रेसनें नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या हक्कांत गणला होता. पण 1948 सालीं घटनासमितींत हरि विष्णु कामथ यांनीं तशी उपसूचना मांडली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं ती स्वीकारली नाहीं. म्हणजे स्वतंत्र हिंदुस्थानानें ही गोष्ट विसरून नव्हे, चर्चेअंतीं सोडली.

अमेरिकेंत मात्र कित्येक प्रांतांत माणसाला स्वतःपुरती बंदूक घरीं घडवितां येते. तरी तेथेंही बंदुकीचा मुख्य सांगाडा कायद्यानें बंदूकच समजला जातो. अर्धवट तयार सांगाडे विकत घेऊन घरीं पुरे करण्याची चाल वाढली आणि अशीं क्रमांकहीन हत्यारें गुन्ह्यांत सांपडूं लागलीं, तेव्हां 2022 सालीं सरकारनें अशा संचांवर क्रमांकाचें बंधन घातलें. 2025 च्या मार्चमध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें तें उचलून धरलें.

आजोबांची बंदूक शेवटीं परवानाधारक कारागिराकडे गेली. बिल बरेंच झालें, आणि वेळही पुष्कळ लागला. तोंवर रानडुकरांनीं वाल्यांचें एक शेत उकरून टाकलें. आणलेल्या पोलादाचा नातवानें वाफेच्या इंजिनाच्या लहानशा प्रतिकृतीसाठीं दट्ट्याचा दांडा केला. तो इतका सुबक उतरला आहे कीं, आजोबा येईल त्याला दाखवितात आणि वर म्हणतात, "घोडाही यानेंच बरा केला असता." तें खरेंही असेल.