उन्हाची उसनवारी

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे धान कापणीला आलं, की सकाळच्या उन्हात बांधीच्या धुऱ्यावर एखादी धामण पसरलेली दिसते. ती सुस्तावलेली नाही, शरीर तापवतेय. पुस्तकं सरपटणाऱ्या प्राण्यांना ‘थंड रक्ताचे’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. तापलेल्या धामणीचं रक्त आपल्याइतकंच गरम असू शकतं. आपण उष्णता अन्न जाळून तयार करतो, ती उन्हाकडून उसनी घेते. म्हणून आपल्याला दोन वेळचा भात लागतो आणि अजगर एका मोठ्या भक्ष्यावर कित्येक आठवडे काढतो.

धामण गायीचं दूध पिते म्हणतात. पण सापाच्या तोंडाला चोखण्याजोगे मऊ ओठच नसतात! तिला हवे असतात बांधीतले उंदीर. त्यांचा माग ती जिभेने काढते. दुभंगलेली जीभ हवेतले, जमिनीवरचे गंधकण टिपून टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवते. दोन टोकांमुळे वास कोणत्या बाजूने जास्त येतोय तेही कळतं. घोरपडही असंच करते.

धामण अंडी घालते, घोणस मात्र थेट पिल्लांना जन्म देते, बहुधा वीस ते चाळीस. अनेक कासवांत तर नर की मादी हे वाळूतल्या घरट्याचं तापमान ठरवतं.

याच गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचा तालुक्यातल्या वडधम येथे डायनोसॉरच्या काळातले जीवाश्म मिळाले आहेत. डायनोसॉरही सरीसृपच.