काळ्या मातीतली अंडी

मृगाच्या आधी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात धुरे सावरले जातात, घरांचे पाये खणले जातात, उकिरड्यातलं शेणखत शेतात पडतं. नागा-धामणीची अंडी उघडी पडतात ती याच दिवसांत. पंचवीसेक वर्षांपूर्वी असा घोस दिसला की फावड्याचा एक घाव, बस. मग खामगाव, चिखली, मलकापूरकडे सर्पमित्रांना बोलावणं जाऊ लागलं आणि अंडी घरी येऊ लागली.

तेव्हाची समजूत सरळ होती: ऊब द्या, ओल द्या. मडक्यात माती, वरून ओलं पोतं, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. माती अर्थातच काळी. ती भिजली की चिकट होऊन हवेची वाट बुजवते आणि सुकली की भेगाळते. सापाच्या अंड्याचं कवच मऊ असतं. त्यातूनच अंडं पाणी पितं आणि त्यातूनच श्वास घेतं. भोवती गारा झाला की पिल्लू आतल्या आत गुदमरतं. कोरडं पडलं की अंड्याला खळगा पडतो.

आठवड्याभरात पांढरी लव दिसली की अख्खा घोस टाकून दिला जाई. आज त्याची हळहळ वाटते, कारण बुरशी बहुधा आधी धरते ती न फळलेल्या किंवा मेलेल्या अंड्यावर, आणि त्याला चिकटलेलं टणक, पांढरंशुभ्र अंडं पुष्कळदा नीट फुटतं. चिकटलेली अंडी ओढून सोडवणं तर घातकच. अंडी घातल्यानंतर थोड्याच काळात गर्भ कवचाच्या आतून वरच्या बाजूला धरतो. मग अंडं उलटं झालं की तो दगावू शकतो. म्हणून उचलण्याआधी वर पेन्सिलीची खूण करायची, हे हळूहळू रुळलं.

कोकणात याच काळात मोठं काम उभं राहिलं. 2002 पासून वेळासच्या किनाऱ्यावर 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन समुद्री कासवांची अंडी कुंपणात हलवून जपली. तिथे वाळू होती, पाणी निथळून जात होतं. निचरा नसला की काय होतं, ते दुसरीकडे दिसलं. केप व्हर्डे बेटांवरच्या कासवांच्या मेलेल्या अंड्यांत फ्युजेरियम ही बुरशी सापडल्याचं 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या अभ्यासात बाधित घरटी जास्त करून पाणी साचणाऱ्या, चिकणमातीच्या जागी आढळली. आमच्या मडक्यांचं दुखणं नेमकं तेच होतं.

आता मडक्याऐवजी झाकणाचा डबा, मातीऐवजी कोकोपीट किंवा वर्मिक्युलाईट. मूठ आवळली तर पाणी गळू नये, एवढीच ओल. झाकणावरचा थेंब अंड्यावर पडू द्यायचा नाही. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, विहिरीचं पाणी वापरूच नये. क्षार अंड्यातली ओल खेचतात. तिथे साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

तरीही डबा हा शेवटचाच उपाय. नागीण आपल्या अंड्यांची राखण करते, आणि तिने निवडलेल्या बिळातली ओल आपल्याला जमवता येत नाही. शक्य असेल तिथे वनविभागाला कळवून दोनेक महिने तो कोपरा न खणता सोडावा. डब्यात ठेवावीच लागली, तर पाऊस लागल्यावर उन्हाळ्याच्या सवयीने पाणी घालत राहू नये. हवाच दमट झालेली असते, आणि बुरशीचं खरं फावतं ते तेव्हा.