सागरी सहलीचा इसार : भरणा, रद्दीकरण आणि परतावा

वर्धा जिल्ह्यातील जाम हे गाव समुद्रपूर तालुक्यात आहे. तालुक्याच्या नावात समुद्र असला, तरी खरा समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गाला चंद्रपूरकडे जाणारा रस्ता येथे मिळतो. त्यामुळे जामचा चौरस्ता विदर्भातील प्रवाशांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. या चौरस्त्यावरून माणसे यात्रेला, लग्नकार्याला आणि बाजाराला जात आली आहेत. आता निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून एखादे शिक्षक दांपत्य येथून मुंबईस जाऊन सागरी सहलीला निघाले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ या जहाजाने मुंबई–गोवा मार्गावर पर्यटन फेरी सुरू झाली होती. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबई बंदरातील इंदिरा गोदी येथे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

एस. टी.चे आरक्षण करताना गुंतणारी रक्कम थोडी असते. सागरी सहलीचे तसे नाही. तिची नोंदणी अनेक महिने आधी होते आणि वर्षानुवर्षांच्या बचतीतील मोठी रक्कम प्रवासापूर्वीच कंपनीच्या हाती जाते. दरम्यानच्या काळात घरात आजारपण उद्भवले, शाळेची परीक्षा किंवा निवडणुकीचे काम आले, अथवा कंपनीनेच फेरी रद्द केली, तर त्या पैशाचे काय होते? ‘भरलेले पैसे बुडाले’ असे समजून गप्प बसणारे पुष्कळ असतात, तसेच ‘सगळे पैसे परत मिळालेच पाहिजेत’ असे मानणारेही असतात. या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत.

इसार म्हणजे काय?

जमिनीच्या किंवा बैलजोडीच्या व्यवहारात इसार देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. इसार देणारा आपला शब्द पक्का असल्याची खूण म्हणून काही रक्कम देतो. व्यवहार पूर्ण झाला तर ती किमतीत वळती होते; देणाऱ्याने शब्द मोडला तर सामान्यतः ती त्याला परत मिळत नाही. सहलीच्या नोंदणीच्या वेळी घेतली जाणारी अनामत पुष्कळ अंशी अशीच असते. तिच्या मोबदल्यात कंपनी एक खोली, म्हणजे केबिन, आपल्या नावे राखून ठेवते व ती दुसऱ्यास देत नाही.

मात्र इसार वेगळा आणि उर्वरित भाडे वेगळे. इसारानंतर ठरलेल्या तारखेपर्यंत बाकी रक्कम भरावी लागते. ती वेळेवर न भरल्यास नोंदणी रद्द समजण्याचा अधिकार बहुतेक कंपन्या अटींमध्ये राखून ठेवतात. म्हणून नोंदणी करतानाच दोन तारखा लिहून घ्याव्यात : बाकी रक्कम भरण्याची अंतिम तारीख आणि कपातीचे प्रमाण ज्या ज्या दिवशी वाढते त्या तारखा.

कपातीच्या पायऱ्या

जहाज सुटण्याचा दिवस जवळ येतो तसतशी रिकामी झालेली केबिन पुन्हा विकली जाण्याची शक्यता कमी होते. म्हणूनच रद्दीकरणाची कपात पायरीपायरीने वाढत जाते. हे तत्त्व रेल्वेच्या प्रवाशांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये लागू झालेल्या रेल्वेच्या नियमांत निश्चित झालेले तिकीट गाडी सुटण्याच्या ४८ तासांपूर्वी रद्द केल्यास प्रतिप्रवासी ठरावीक रक्कम, ४८ ते १२ तासांच्या दरम्यान २५ टक्के आणि १२ ते ४ तासांच्या दरम्यान ५० टक्के कपात होती. सागरी सहलीत याच पायऱ्या तासांऐवजी दिवसांत मोजल्या जातात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. करांव्यतिरिक्त दोघांचे भाडे ८०,००० रुपये आहे. नोंदणीच्या वेळी २५ टक्के, म्हणजे २०,००० रुपये भरले. बाकी ६०,००० रुपये प्रवासाच्या ४५ दिवस आधी भरावयाचे आहेत. अटी अशा आहेत : ४५ दिवसांपेक्षा अधिक अवधी असताना रद्द केल्यास फक्त इसार जाईल, ४५ ते ३० दिवस राहिले असता भाड्याच्या ५० टक्के, २९ ते १५ दिवस राहिले असता ७५ टक्के आणि त्यानंतर संपूर्ण भाडे कापले जाईल.

या दांपत्याने ५० दिवस आधी सहल रद्द केली, तर त्यांचे २०,००० रुपये जातील. ३५ दिवस आधी रद्द केली, तर भरलेल्या ८०,००० पैकी ४०,००० कापले जाऊन ४०,००० परत मिळतील. २० दिवस आधी रद्द केल्यास हाती केवळ २०,००० रुपये येतील. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, टक्केवारी इसारावर नव्हे, तर संपूर्ण भाड्यावर मोजली जाते. तसेच एजंटाला फोनवर तोंडी सांगितल्याचा दिवस सहसा धरला जात नाही. लेखी सूचना कंपनीकडे पोहोचल्याचा दिवस धरला जातो. ‘चार दिवस वाट पाहू’ असे म्हणत पायरी ओलांडली गेली, तर त्या चार दिवसांचे मोल हजारो रुपये होऊ शकते.

रद्द कोणी केले?

परताव्याच्या प्रश्नात हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा. प्रवाशाने स्वतःच्या कारणाने सहल रद्द केली, तर वरील पायऱ्या लागू होतात. आजारपण हे कारण कितीही खरे असले, तरी अटींत तशी सवलत नसेल तर कंपनी ती देण्यास बांधील नसते. यासाठी प्रवास विमा असतो. परंतु कोणत्या कारणांनी झालेले रद्दीकरण त्यात येते आणि आधीपासूनच्या आजाराचे काय, हे विमापत्रात पाहूनच तो घ्यावा.

कंपनीने फेरी रद्द केली, तर प्रवाशाकडून रद्दीकरण शुल्क कापण्यास आधार उरत नाही. भरलेली रक्कम परत मागण्याचा आणि सेवेतील त्रुटीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याचा हक्क प्रवाशास असतो. पुढच्या फेरीचे पत किंवा ‘क्रेडिट नोट’ हा एक पर्याय असू शकतो. मात्र रोख परतावा हवा असल्यास तसे लेखी कळवावे आणि पत स्वीकारल्याच्या कागदावर घाईने सही करू नये.

तिसरा प्रकार दोघांच्याही हाती नसलेल्या कारणांचा, उदाहरणार्थ वादळाचा किंवा शासकीय बंदीचा. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम ५६ अन्वये पार पाडणे अशक्य झालेला करार रद्दबातल होतो आणि कलम ६५ अन्वये अशा करारापोटी मिळालेला लाभ परत करावा लागतो. कोरोनाच्या टाळेबंदीत विमान तिकिटांच्या परताव्याचा प्रश्न देशभर उभा राहिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी परताव्याची कालमर्यादा आणि पतीची व्यवस्था ठरवून दिली. तो निर्णय विमानप्रवासापुरता होता; तथापि, प्रवासच न घडता प्रवाशाचा पैसा अनिश्चित काळ अडकून राहू नये, हे त्यातून स्पष्ट झाले.

अटींनाही मर्यादा असते

छापील अटींवर सही केली म्हणजे सर्व संपले, असे नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात नमूद केलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते; प्रत्यक्षात वाजवी तेवढीच भरपाई देय ठरते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १,००० रुपयांच्या इसाराची जप्ती मान्य केली. परंतु त्याखेरीज भरलेले २४,००० रुपये केवळ तसे कलम आहे म्हणून जप्त करता येणार नाहीत, असे ठरविले. २०१९ मध्ये घरखरेदीच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने एकतर्फी अटी ग्राहकावर लादता येत नाहीत, असा निर्णय दिला.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. होणाऱ्या हानीच्या मानाने अवाजवी दंड आकारणारी किंवा योग्य कारणाशिवाय एकाच पक्षाला करार मोडण्याची मुभा देणारी अट त्यात ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत येते. सदोष सेवेपोटी घेतलेले पैसे पावतीत नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते.

याचा अर्थ प्रत्येक कपात बेकायदा आहे, असा मात्र नव्हे. केबिन खरोखरच रिकामी गेली असेल, तर कंपनीचे नुकसान झालेलेच असते. प्रश्न कपात असावी की नसावी हा नसून ती वाजवी आहे काय, हा आहे. युरोपीय संघाच्या २०१५ च्या निर्देशात संपूर्ण सहलींचा देय परतावा १४ दिवसांत करण्याचे बंधन आहे. भारतात सहलींसाठी तसा स्वतंत्र कायदा नसल्याने करार अधिनियम आणि ग्राहक कायदा हेच प्रवाशाचे मुख्य आधार होत.

पैसे भरण्यापूर्वी

पैसे कोणाच्या नावे जात आहेत, हे पाहावे. गावातील किंवा शहरातील एजंट ओळखीचा असला, तरी पावतीवर सहल कंपनीचे नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, रक्कम आणि रद्दीकरणाच्या अटी असाव्यात. रोख रक्कम देण्यापेक्षा धनादेशाने किंवा बँकेमार्फत भरणा करणे हिताचे, कारण त्याचा पुरावा राहतो.

भाडे, बंदर शुल्क आणि कर यांची रक्कम स्वतंत्रपणे मागून घ्यावी. प्रवासी जहाजावर चढलाच नाही, तर त्याच्या वाट्याच्या बंदर शुल्काचा परतावा अवश्य मागावा. वस्तू व सेवा कराबाबत ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने रद्दीकरण शुल्कावरील कर मूळ सेवेच्या दरानेच आकारावा, असे स्पष्ट केले आहे. परिणामी, परत मिळणाऱ्या भाड्यावर घेतलेल्या कराचा हिशेबही मागता येतो.

दाद कोठे मागावी?

प्रथम कंपनीला लेखी मागणी पाठवावी व तिची पोच जपून ठेवावी. तीत नोंदणी क्रमांक, भरलेल्या रकमा, रद्द केल्याचा दिनांक आणि अपेक्षित परतावा यांचा स्पष्ट उल्लेख असावा. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

तरीही प्रश्न न सुटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. कंपनीचे कार्यालय मुंबईत आहे म्हणून मुंबईची वाट धरण्याची आवश्यकता नाही. २०१९ च्या अधिनियमाने तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची सोय केली आहे. जामच्या रहिवाशास वर्धा येथील आयोग उपलब्ध आहे. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही, वकील देणे सक्तीचे नाही आणि तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावयाची असते. करारातील अटच अनुचित ठरवून घ्यावयाची असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. त्याचे खंडपीठ नागपूर येथे आहे.

मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना १९७५ मध्ये झाली, १९८६ मध्ये देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. चळवळ आणि कायदा यांनी दिलेला हक्क कागदावर राहू नये, यासाठी गावपातळीवर थोडे प्रयत्न हवेत. शिक्षकांनी एखाद्या तासाला सहलीची छापील अट वर्गात वाचून टक्केवारीचे गणित म्हणून सोडवावी. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा आयोगाची माहिती द्यावी. पावतीच्या मागची बारीक अक्षरे पैसे देण्यापूर्वी वाचली गेली, तर निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची बचत जपली जाईल आणि मनाजोगता प्रवासही घडेल.