वाकळीच्या पोटात

सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागातल्या गावांत सुगी सरली की हेळवी येतो. पूर्वी तो बैलावर बसून यायचा. ओसरीवर टेकून तो घराण्याची वंशावळ वाचतो: मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, त्याला मुलगे किती, त्या मुलग्यांना मुलगे किती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही अशीच नावं मिळतात, आणि पणजोबांच्या हातचं अक्षर दिसलं की माणूस हरखून जातो. या नोंदी मोलाच्या आहेत. पण त्यांत पणजीला शोधायला जावं, तर हाती फारसं लागत नाही. तिचं माहेरचं नाव लग्नात गेलं. सासरचं नाव घरातल्या चार माणसांच्या तोंडी राहिलं आणि ती माणसंही गेली. सही नाही, बहुतेकींचा फोटो नाही. तिचं जे उरलं ते कापडात.

जुनेरं जोडून, हातानं टाके घालून, गेलेल्या माणसांना जवळ ठेवायची रीत आपल्याकडे आहे, बंगाल-बिहारात आहे, कारवारच्या जंगलपट्ट्यात आहे आणि अमेरिकेतल्या अलाबामातही आहे. ही सगळी कामं मी एकमेकांशेजारी ठेवून पाहते तेव्हा माझी खात्री होते, की हे पितरांचं कार्य आहे. त्याला तिथी लागत नाही, मुलगाच हवा असं नाही, अधिकाराचा प्रश्न येत नाही. शास्त्रोक्त श्राद्धातही कापड आहेच. पिंडावर पितरांचं वस्त्र म्हणून सुताचा धागा ठेवतात. जुन्या गृह्यसूत्रांत त्यासाठी वस्त्राच्या दशा, म्हणजे काठाचे सुटे धागे, सांगितले आहेत. गेलेल्याला धागा द्यायचा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. गोधडीत तो धागा उलट्या दिशेनं येतो, गेलेल्याकडून आपल्याकडे.

गोधडी, वाकळ, लेपडं, बाळासाठी दुपटं. मुलूख बदलला की नाव बदलतं, कृती साधारण तीच राहते. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर धडसं लुगडं ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर विरलेल्या कापडांचे थर लावायचे, वर पुन्हा एक लुगडं. लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू करायचा. चारी बाजूंनी फिरत, चौकोनाच्या आत चौकोन करत मध्याकडे सरकायचं. जाड वाकळ असेल तर दोघीतिघी समोरासमोर बसतात, आणि सुईही मोठी लागते.

नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. काष्ट्याशी आणि बैठकीच्या जागी ते आधी विरतं. डोक्यावरून घेतलेल्या पदराचा रंग उन्हानं उडतो. निऱ्यांच्या आत दुमडून राहिलेला भाग मात्र शेवटपर्यंत गडद असतो. हातातोंडाची गाठ पडत नसलेल्या घरांत अशा लुगड्याला दंड घालत. मधला विरलेला भाग कापून टाकायचा, धड राहिलेली दोन टोकं जोडायची आणि तेच लुगडं पुन्हा नेसायचं. दंड घालूनही भागेना, तेव्हा ते गोधडीत जाई. म्हणजे गोधडीत शिरण्याआधीच त्या कापडावर एका बाईचं खुरपणं, वाकणं, पाण्याच्या खेपा, सगळं नोंदलेलं असतं. कुठे विरलंय हे बोटांनी चाचपडलं तरी ती बाई कशी बसत होती ते कळतं.

आणि एक गोष्ट जुनी वाकळ उसवल्याशिवाय दिसत नाही. वरचं कापड फाटलं की बाया वाकळ टाकून देत नसत, तिच्यावर नवी लुगडी चढवून पुन्हा शिवत. त्यामुळे जड वाकळीच्या पोटात आधीची एक अख्खी गोधडी सापडते, कधी तिच्याही आत आणखी एक. आमच्या घरातली एक वाकळ उसवताना मला हे दिसलं. वरचे टाके आजीचे, लांबट आणि थोडे तिरके, हे मला ओळखू आले. आतल्या गोधडीचे टाके बारीक, जवळजवळ आणि नेमके एका मापाचे होते. ते कुणाचे, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत आहे की तिचा हात आजीपेक्षा बारीक चालायचा. वंशावळीतल्या कुठल्याही नावापेक्षा ही ओळख मला जवळची वाटते.

सध्या शहरांत संथ हातशिलाईचं आकर्षण वाढलं आहे. क्लेअर वेलस्ली-स्मिथ यांच्या २०१५च्या ‘स्लो स्टिच’ या पुस्तकानं इंग्रजी वाचणाऱ्या जगात या कामाला एक नावच मिळवून दिलं. मन शांत होतं म्हणून लोक हे करतात, ते खरंही आहे. पण गोधडीतला संथपणा बाहेरून आणलेला नाही, तो कापडाच्या वयातून येतो. विरलेल्या कापडाला ओढून घातलेला टाका सोसत नाही, दोऱ्याच्या रेषेवरच ते टरकतं. टाका सैल सोडला तर थर सरकतात. किती ओढायचं हे दर वितीला बदलतं, कारण कापड दर वितीला वेगळं झिजलेलं असतं. तिथे आराखडा चालत नाही. हात थांबतो, चाचपतो, सुई जरा बाजूला घेतो. ‘हाताला कळतं’ असं जुन्या बाया म्हणतात, आणि मशीनला नेमकं हेच जमत नाही. म्हणून नव्या कोऱ्या छापील कापडाची, मशीनच्या सरळ टिपा मारलेली जी रजई प्रदर्शनांत ‘गोधडी’ म्हणून विकतात ती दिसायला छान असली, ऊबही देत असली, तरी तिच्यात कुणी नसतं.

बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी या गोधडीच्या सख्ख्या बहिणी. त्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यामुळे इथे दोनच गोष्टी. बिहारात बाळंतिणीच्या घरी जुन्या साड्यांची सुजनी शिवत, आणि त्यामागे चिथरिया माँची, म्हणजे चिंध्यांच्या देवीची, श्रद्धा सांगितली जाते. आपल्याकडेही नवजात बाळाला आधी घरातल्या जुन्या मऊ सुतीतच गुंडाळतात. दुसरी गोष्ट कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयातल्या एका कांथाची. तो एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या बाईनं वडिलांसाठी केला आणि त्यावर सुईनंच तसं लिहूनही ठेवलं. तिच्या काळातल्या हजारो बायकांची नावं पुसली गेली, तिचं राहिलं, कारण तिनं ते टाक्यांत घातलं. गोधडी शिवणाऱ्या प्रत्येकीनं मागच्या कोपऱ्यात एवढं तरी करावं, असं मला फार वाटतं: कापड कुणाचं, हात कुणाचे, साल कोणतं.

सिद्दी म्हटलं की मराठी माणसाला जंजिरा आठवतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानात राहणाऱ्या सिद्दींचा इतिहास वेगळा आहे. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या माणसांपैकी अनेक जण पळून घाटावर आले, त्यांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. तिन्ही घरांत बायका कवंदी शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेला लावत सुरुवात करायची आणि धावदोऱ्यानं फिरत मध्यावर येऊन संपवायचं. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे छोटे त्रिकोण बसवतात, त्यांना ‘फुलां’ म्हणतात. फुलां लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. हेन्री ड्रुअल या अमेरिकन कला-इतिहासकारानं या कामाचा अभ्यास केला. त्याच्या मदतीनं २००४मध्ये तिथल्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २०११मध्ये न्यूयॉर्कच्या शोमबर्ग केंद्रात त्यांच्या कवंद्यांचं प्रदर्शन झालं. कवंदीचे ठळक, बिनधास्त रंग थेट आफ्रिकेतून आले, असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. शेजारच्या कानडी आणि मराठी बायकांच्या वाकळींशी तिचं नातं डोळ्यांना दिसतं. पण ज्यांच्या पूर्वजांचं गाव, भाषा, नाव सगळं जहाजावर चढताना हिरावलं गेलं, त्यांनी आजीचा कपडा फेकू नये, त्याला कोपऱ्यात फूल लावावं, याला मी इतिहासलेखनच म्हणेन.

तोच इतिहास समुद्रापलीकडे आणखी कठोर आहे. अलाबामा राज्यात नदीच्या एका वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. १८१६मध्ये जोसेफ जी नावाच्या मळेवाल्यानं ही जमीन घेतली. १८४५मध्ये ती मार्क पेटवे याच्याकडे गेली, तिच्यावर राबणाऱ्या गुलाम माणसांसकट. आजही तिथल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांचं आडनाव पेटवे आहे. म्हणजे वंशावळ वाचायला बसलं तर पहिलंच नाव मालकाचं निघतं! या वस्तीतल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या गोधड्या शिवल्या, भिंतींच्या फटींतून वारा येणाऱ्या घरांत निजता यावं म्हणून. शेतात घालायच्या डेनिमच्या पँटी, गोणपाटासारखं कापड, कॉर्डरॉयचे तुकडे, जे असेल ते. नेहमीचे नमुने त्यांना येत होते, पण कित्येकींनी ते बाजूला ठेवून मनाला येईल तसं काम केलं, आणि अशा कामाला त्या ‘माय वे’, माझ्या पद्धतीची गोधडी, म्हणतात.

या सगळ्यांत एक गोधडी मला पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते. ती १९४२ची. मिझुरी पेटवे या बाईचा नवरा कित्येक महिने आजारी राहून वारला. तिनं त्याचे कामाचे कपडे काढले, पँटचे पाय आणि शर्टाचे पल्ले फाडून घेतले आणि त्यांची गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि त्याच्या मायेखाली निजता यावं म्हणून. मुलगी अर्लोन्झिया तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, कपडे फाडायला ती हाताशी होती. त्याचे जेवढे कपडे होते तेवढ्यांत एक गोधडी बसली. निळ्या-करड्या पट्ट्या, मातकट डाग, मध्येच तांबूस तुकडे. जीज बेंडच्या अशा गोधड्यांत कुठे उसवलेल्या खिशाची जागा गडद राहिलेली दिसते, कुठे गुडघ्याची जागा पांढुरकी पडलेली असते. आपल्या लुगड्याच्या निऱ्यांत जे गडद राहतं, तेच इथे खिशाखाली राहिलं आहे. ही गोधडी आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

जीज बेंडला हा मानही सोपेपणानं मिळाला नाही. १९६०च्या दशकात लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडे जाऊ लागले, तेव्हा तिथली फेरीबोट बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. १९६६मध्ये ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही शिवणाऱ्यांची सहकारी संस्था निघाली. २००२मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात इथल्या गोधड्या भिंतीवर लागल्या, आणि समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. ती स्तुती होती, हे कळतं. तरी मला ती अपुरी वाटते. अमूर्त चित्र कुणाच्या अंगावरून उतरलेलं नसतं.

नामवंत कलावंतांतही एक आहे जिला हे मुळातून ठाऊक होतं. लुईज बूर्ज्वा १९११मध्ये पॅरिसमध्ये जन्मली. घरात जुने विणलेले भिंतपट दुरुस्त करायचा व्यवसाय होता, आणि पटाच्या खालच्या कडेशी झिजून गेलेली पावलं रेखाटून द्यायचं काम लहानपणी तिच्याकडे असे. उतारवयात तिनं जपून ठेवलेले स्वतःचे आणि आईचे कपडे कापायला घेतले, शिल्पांत वापरले. नव्वदी ओलांडल्यावर, २००२मध्ये, स्वतःच्या लग्नातल्या लिननच्या रुमालांची पानं करून तिनं कापडाचं पुस्तक केलं. कोळ्याच्या आकाराचं तिचं १९९९चं प्रचंड धातूचं शिल्प आईच्या नावानं आहे. ते जगभर गाजलं, पण मला हे कापडाचं पुस्तक जास्त धीट वाटतं.

शोक जेव्हा एका घरात मावत नाही तेव्हाही लोक सुईकडेच वळले. चिलीत पिनोशेच्या राजवटीत गायब झालेल्या माणसांच्या बायका-आया चिंध्यांची चित्रं शिवत. अमेरिकेत एड्सनं गेलेल्यांसाठी १९८७मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर १,९२० तुकड्यांची गोधडी अंथरली गेली. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, माणसाच्या थडग्याएवढा.

आता आपल्या घरातला प्रश्न. गेलेल्या माणसाचे कपडे ठेवू नयेत, दान करावेत किंवा पाण्यात सोडावेत, असं अनेक घरांत मानतात. दान करायला हरकत नाही, पण एखादं तरी जुनेर मागून घ्यावं. जरीची पैठणी कापू नये. ती नेसण्यासाठी आहे, आणि गोधडीला ती मऊही पडत नाही. रोज नेसलेलं, सोडा-साबणानं विटलेलं, हळदीचा डाग न गेलेलं कापड घ्यावं. आजी हयात असेल तर तिला शेजारी बसवून शिवावं, कारण कुठलं पातळ कुणी कधी घेतलं हे ती टाक्यागणिक सांगत जाते. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर पुस्तक केलं, हे मोठंच काम झालं. पण घराघरातली ही तोंडी माहिती कुठल्याच पुस्तकात येणार नाही.

खरी अडचण कापडाची आहे. सुती लुगडी नेसणारी पिढी सरत आली, आणि मागे उरतात पॉलिएस्टर आणि जॉर्जेटच्या साड्या. शिवणाऱ्या बाया आताशा आधी विचारतात, घरात जुनं सुती काही आहे का? पंचे, अभ्रे, धोतर, लेंगा, काहीही चालतं, ते पोटात घालतात आणि साडी वर घेतात. जॉर्जेट सुईखाली सरकतं, टाका जवळजवळ घालावा लागतो, काम दुपटीनं लांबतं. लांबू द्यावं. आईनं वर्षानुवर्षं लोकलच्या गर्दीतून ऑफिसला नेसून नेलेली साडी जॉर्जेटची असेल, तर तिची गोधडी जॉर्जेटचीच व्हायला हवी.