डोंगराचं देणं

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइननं पुईखडीला पोचलं, तेव्हा कोल्हापूरनं तो दिवस सणासारखा साजरा केला. या पाण्यासाठी शहरानं कितीतरी वर्षं मोर्चे काढले होते, निवडणुका लढवल्या होत्या. दुधगंगेवरच्या धरणापासून सुमारे ५३ किलोमीटर लांबीची पाइपलाइन, आणि खर्च पावणेपाचशे कोटींच्या पुढे. घरातला नळ सोडला की आता धरणाचं पाणी येतं, ही गोष्ट छोटी नाही.

पण पंचगंगा तर शहराच्या उशालाच वाहते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांचं पाणी घेऊन ती प्रयाग चिखलीहून खाली उतरते. घाटाच्या पायरीवर वाकून ओंजळीनं पाणी प्यायल्याचं सांगणारी माणसं गावात अजून आहेत. मग पाणी इतक्या लांबून का आणावं लागलं? शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याच्या काठावर पाच मिनिटं उभं राहिलं की उत्तर मिळतं. नदी आपलं पाणी स्वतः स्वच्छ करत होती. काठची झाडी, वाळू, उथळ खळाळ, पाण्यातले सूक्ष्मजीव हे सगळं मिळून तो कारखाना चालायचा. आपण त्यात तो पेलू शकणार नाही इतकं सांडपाणी सोडलं आणि तो बंद पाडला. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, तेव्हा या बंद कारखान्याची किंमत सगळ्यांना कळली. आज इचलकरंजीही दुधगंगेच्या पाण्याकडे डोळे लावून बसली आहे, आणि ते पाणी आणायच्या सुळकूड योजनेवरून नदीकाठचे शेतकरी विरोधात उभे आहेत. एक नदी बिघडली की भांडण दुसऱ्या नदीवर जातं.

निसर्ग जे काम फुकट करतो, त्याला संशोधकांनी ‘परिसंस्था सेवा’ असं नाव दिलं. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अशा सेवांची वार्षिक किंमत काढली, ती आली सुमारे ३३ लाख कोटी डॉलर. त्या वेळच्या साऱ्या जगाच्या उत्पन्नापेक्षाही ही रक्कम मोठी होती. आकड्यावर खूप वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. श्वास घेण्याची किंमत कशी काढणार? पुढे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं १३०० हून अधिक तज्ज्ञांनी जागतिक पाहणी पूर्ण केली. त्यांनी तपासलेल्या २४ सेवांपैकी १५ खालावत चालल्या होत्या. अलीकडे याच क्षेत्रातल्या बऱ्याच अभ्यासकांनी ‘सेवा’ हा शब्द मागे ठेवून माणसाला निसर्गाकडून मिळणारं योगदान असं म्हणायला सुरुवात केली आहे. मराठीत त्यासाठी ‘देणं’ हा शब्द पहिल्यापासून आहे. देणं म्हणजे दिलेली वस्तू, आणि देणं म्हणजे फेडायची बाकीसुद्धा.

एप्रिलअखेरीला दाजीपूरच्या जंगलात एका झऱ्याशी मी तासभर बसलो होतो. शेजारचा पाचोळा हातानं उकरून पाहिला. वरची पानं पापडासारखी कुरकुरीत. त्याखालची एकमेकांना चिकटलेली. आणखी खाली चार बोटांवर पानं ओळखूच येत नव्हती. काळा, ओलसर चुरा, त्यात बुरशीचे पांढरे धागे आणि अंग आक्रसून बसलेला एक वाणी किडा. सहा महिने पाऊस नव्हता, तरी बोटांना ओल लागली. बाजूच्या जांभ्या दगडाच्या कपारीतून करंगळीएवढी धार पडत होती. कळशी भरायला आलेल्या धनगरवाड्यावरच्या बाईंना विचारलं, ‘‘आटतो का कधी, मावशी?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ह्यो आजवर आटलेला न्हाई बघा. वणवा लागला त्या सालात तेवढा बारीक झालता.’’

मावशींच्या त्या वाक्यात जलविज्ञानाचा अर्धा धडा आहे. पावसाचा थेंब आधी झाडाच्या शेंड्यावर फुटतो, पानांवरून उतरतो, त्यामुळे जमिनीला मार बसत नाही. पाचोळा त्याला थोपवून धरतो. मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटांनी पाणी आत मुरतं. वरच्या सड्यांचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारांचा, जांभा सच्छिद्र असल्यानं पाणी साठवतो आणि महिनोन् महिने थेंबथेंब सोडत राहतो. पाचोळा जळाला की जमीन उघडी पडते, पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन धावतं, आणि ती माती धरणाच्या तळाशी बसते. सडे असं पाणी साठवतात, म्हणून त्यांच्याकडे नुसतं बॉक्साइटचा साठा म्हणून पाहणं मला पटत नाही.

गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळमध्ये सहाशेच्या आत. तरी शिरोळचा ऊस बाराही महिने हिरवा असतो. गुऱ्हाळातला गूळ, साखर कारखान्याचं धुराडं, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची ताटं, सगळं त्या वरच्या पावसावर उभं आहे. राजर्षी शाहू महाराजांनी हे ओळखलं होतं. भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात हाती घेतलं. १९२२ मध्ये महाराज गेले तेव्हा भिंत अपुरी होती. ती स्वातंत्र्यानंतर पुरी झाली. धरणाभोवतीचं रान संस्थानच्या शिकारीसाठी राखलेलं होतं, त्यामुळे ते टिकलं. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य झालं, १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य बनलं, ३५१ चौरस किलोमीटरचं. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांना या जंगलाचं कवच आहे. म्हणजे पुईखडीला येणारं पाणी धरणाचं आहे तितकंच दाजीपूरच्या पाचोळ्याचंही.

इथं एक सावधगिरी हवी. जंगल राखलं की महापूर येणार नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. आठवडाभर कोसळणाऱ्या पावसात मातीचा स्पंज तुडुंब भरतो, त्यानंतर पडलेला प्रत्येक थेंब नदीतच जातो. त्या वेळी उपयोगी पडते ती नदीकाठची मोकळी, सखल जमीन. पाण्याला तिथे पसरता येतं, वेग कमी होतो, आणि जाताना ते पोयट्याचा थर सोडून जातं. नरसोबाच्या वाडीला कृष्णेला फुगवटा आला की पंचगंगा मागे तुंबते, हे नदीचं जुनंच वागणं आहे. त्या पसरायच्या जागेवर आपण भराव टाकले, बंगले आणि मंगल कार्यालयं बांधली. पूररेषेच्या आतलं प्रत्येक बांधकाम कुणाच्या तरी घरात पाणी वाढवतं. याबाबत मी अजिबात मऊ नाही.

निसर्गाचं देणं मनालाही मिळतं. १९८४ मध्ये रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले, आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. सकाळी सहा वाजता कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर चालणाऱ्यांना या अभ्यासाची गरज नाही. पाण्यावर शेवाळ माजून वास सुटला होता त्या काळात हेच लोक रस्त्यावर उतरले होते.

न्यू यॉर्क शहरापुढेही पाण्याचा असाच प्रश्न आला होता. कॅट्सकिलच्या डोंगरातून येणारं पाणी बिघडू लागलं. शुद्धीकरण प्रकल्पाचा अंदाज होता सहा ते आठ अब्ज डॉलर. त्याऐवजी १९९७ मध्ये शहरानं डोंगरातल्या गावांशी करार केला: शेतकऱ्यांचे गोठे, शेणखड्डे, गावांचं सांडपाणी, ओढ्याकाठची झाडी यांवर शहर पैसे खर्च करेल आणि गावं पाणी राखतील. खर्च त्या प्रकल्पापेक्षा कितीतरी कमी आला. आपण पाइपलाइनचे पैसे दिले. पाइपलाइनच्या वरच्या टोकाला जो डोंगर आहे, त्याला काय दिलं?

वरच्या गावांना आज मिळतं ते हे: गव्यांचा कळप रात्रीत भाताचं वावर तुडवतो, पंचनाम्यासाठी हेलपाटे होतात, भरपाई पिकाच्या खऱ्या नुकसानीला पुरत नाही. अभयारण्याच्या नियमांत त्यांची जुनी चराई, जुनी वाट अडते. उत्पन्न मिळू शकतं, हे भुदरगड तालुक्यातल्या पाटगावनं दाखवलं आहे. लाकडी पेट्यांत सातेरी माश्या पाळून ते ‘मधाचं गाव’ झालं, आणि जिथे मधमाशी पोट भरते तिथे जांभूळ, हिरडा तोडायला कुऱ्हाड चटकन उचलली जात नाही. पण एका गावाच्या मधावर अख्ख्या पाणलोटाचा हिशेब मिटत नाही.

त्या दिवशी परतताना मावशींच्या धाकट्या मुलाशी बोललो. उन्हाळ्यात खालच्या उतारावर वणवा दिसला की वाड्यावरची पोरं ओल्या डहाळ्या घेऊन पळतात, आगीच्या पुढ्यातला पाचोळा बाजूला ओढून पट्टा काढतात. कधी रात्रभर. त्यासाठी पायात धड बूट नसतात, मजुरी तर नसतेच. कोल्हापूरच्या प्रत्येक नळजोडणीमागे महिन्याला पाच रुपये बाजूला पडले, तरी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत या पोरांना राखणदार म्हणून पगार, बूट आणि पाण्याच्या पाठपिशव्या देता येतील. मी त्याला विचारलं, तू करशील का हे काम? तो म्हणाला, ‘‘करतोयच की. कुणी इचारलं न्हाई आजवर, एवढंच.’’